चार काचा, एकच थर: पेरोव्हस्काइट कुठल्या ऑक्साइडवर टिकतो ते डोळ्यांनी पाहा

चला, ॲप्रन चढवा. पेरोव्हस्काइटचा एकच काळा थर चार वेगवेगळ्या पृष्ठभागांवर द्यायचा, चारही काचा १०० अंश सेल्सिअसच्या हॉटप्लेटवर ठेवायच्या आणि कुठली आधी पिवळी पडते ते बघायचं, एवढंच काम आहे. सोलर सेल बनवायचा नाही, म्हणून इलेक्ट्रोडची भानगड नाही. खालचा ऑक्साइड वरच्या थराशी रासायनिक खोडी काढतो तेव्हा ती नुसत्या डोळ्यांना दिसते, आणि तीच आज पकडायची आहे.

काचांची नावं आत्ताच ठरवून टाकू. पहिली बोडकी, दुसरी टिन ऑक्साइडची, तिसरी २०० अंशांवर भाजलेल्या झिंक ऑक्साइडची, चौथी २०० आणि मग ४०० अंशांवर भाजलेल्या झिंक ऑक्साइडची. बोडकी काच गाळायचा मोह होईल. गाळू नका, ती नसेल तर बाकीच्या तिघींबद्दल काहीच सांगता येणार नाही.

दोन दिवस मोकळे ठेवा. फ्यूम हूड, स्पिन कोटर, हॉटप्लेट, ४०० अंशांपर्यंत जाणारी भट्टी, मायक्रोपिपेट आणि सिरिंज फिल्टर हाताशी हवेत. ग्लव्हबॉक्स असेल तर उत्तम. नसेल तर आर्द्रतामापक लागेलच, आणि मुंबई-कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर हा उद्योग उघड्या हवेत करूच नका. पावसाळी हवेत चारही थर बिघडतात आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

आदल्या दिवशी

१. अडीच सेंटिमीटर चौरस साध्या काचेचे सात तुकडे घ्या. चार खरे, तीन सरावाचे. सरावाचे वाया जाणारच आहेत, त्यांचा हिशेब ठेवू नका.

२. हिरकणीच्या पेनाने प्रत्येक काचेच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, आकडा कोरा. मार्करने लिहू नका, पहिल्याच धुण्यात तो आकडा जातो.

३. काचा साबणाच्या पाण्यात सोनिकेटरमध्ये १५ मिनिटं ठेवा. एकीवर एक रचू नका, स्टँडमध्ये उभ्या ठेवा.

४. शुद्ध पाण्याने भरपूर धुवा. फेसाचा एक थेंबही उरता कामा नये.

५. आधी ॲसिटोनमध्ये १५ मिनिटं, मग आयसोप्रोपेनॉलमध्ये १५ मिनिटं सोनिकेट करा. क्रम उलटा केलात तर ॲसिटोन वाळताना डाग सोडतं.

६. नायट्रोजनच्या फुंकरीने वाळवा. तोंडाने फुंकर मारायची नाही!

७. आता झिंक ऑक्साइडचं द्रावण. झाकणाच्या बाटलीत झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ०.५ ग्रॅम मोजून घ्या.

८. हूडमध्ये त्यावर ५ मिलिलिटर २-मेथॉक्सीइथेनॉल घाला. हे द्रव प्रजननक्षमतेला घातक आहे. हूडच्या बाहेर बाटली उघडायची नाही, आणि प्रयोगशाळेत कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या.

९. त्यात ०.१४ ग्रॅम इथेनॉलअमाइन टाका. हे विसरलात तर झिंक ॲसिटेट नीट विरघळतच नाही आणि द्रावण दुधाळ राहतं.

१०. मॅग्नेट टाकून रात्रभर ढवळत ठेवा. सकाळी द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. गढूळ असेल तर गाळून भागवू नका, नवीन करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी: ऑक्साइडचे थर

हा भाग उघड्या हवेत चालतो.

११. सगळ्या काचा यूव्ही-ओझोनच्या पेटीत १५ मिनिटं ठेवा, कोरलेला आकडा खाली. झाकण काढल्यावर लगेच नाक आत घालू नका, ओझोन घशाला लागतो.

१२. झिंकचं द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. न गाळता वापरलं तर थरावर धूमकेतूसारख्या रेघा उमटतात.

१३. तिसरी काच स्पिन कोटरवर बसवा आणि रिकामीच एकदा फिरवून पाहा. काच निर्वातावर नीट बसली नसेल तर आत्ता उडालेली बरी.

१४. द्रावणाचे १०० मायक्रोलिटर काचेवर पसरा. कोपरे कोरडे राहू देऊ नका.

१५. मिनिटाला ४००० फेऱ्यांनी ३० सेकंद फिरवा.

१६. काच चिमट्याने उचला आणि कापसाच्या काडीला इथेनॉल लावून एका कडेची पाच मिलिमीटर पट्टी पुसून काढा. दुसऱ्या कोऱ्या काडीने तीच पट्टी पुन्हा पुसा. ही पट्टी म्हणजे आपला हुकमी पत्ता आहे. त्याच काचेवर, त्याच थराखाली, एका भागात झिंक ऑक्साइड आणि शेजारी नुसती काच! भाजण्याआधीच पुसायची, भाजल्यावर ती निघत नाही.

१७. काचेची मागची बाजूही पुसा. पुढे आपल्याला काच उलटून बघायची आहे.

१८. चौथ्या काचेला १४ ते १७ सगळं तसंच करा. वेग, वेळ, पट्टीची रुंदी, काहीही बदलू नका.

१९. दोन्ही काचा २०० अंशांच्या हॉटप्लेटवर एक तास ठेवा. पडद्यावरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, पृष्ठभागाचं तापमान थर्मोकपलने मोजा. जुन्या प्लेटचा मधला भाग आणि कडा यांच्यात चांगलाच फरक असतो.

२०. तिसरी काच उतरवून झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवा.

२१. चौथी काच भट्टीत ४०० अंशांवर एक तास भाजा. तापमान हळूहळू वाढवा, एकदम गरम भट्टीत ठेवली तर काच तडकेल.

२२. भट्टी बंद करा आणि दार न उघडता थंड होऊ द्या. याला वेळ लागतो, तेवढ्यात टिनकडे वळू.

२३. बाजारात मिळणारं १५ टक्क्यांचं टिन ऑक्साइडचं कोलॉइड घ्या आणि एका भागाला पाच भाग शुद्ध पाणी या हिशेबाने पातळ करा. पाणी कोलॉइडमध्ये थेंबाथेंबाने घाला, भसकन ओतलं तर गुठळ्या होऊ शकतात.

२४. गाळून घ्या. इथेही तोच ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर, पण नवीन.

२५. दुसऱ्या काचेवर १०० मायक्रोलिटर पसरून मिनिटाला ३००० फेऱ्यांनी ३० सेकंद फिरवा. पाणी मणी होऊन घरंगळलं तर ओझोनचा परिणाम उतरला आहे, काच पुन्हा १५ मिनिटं पेटीत घाला.

२६. हिचीही एक कड पुसा, इथे पाण्याने.

२७. १५० अंशांवर ३० मिनिटं भाजा.

२८. बोडकी पहिली काच आणि सरावाच्या तिन्ही काचा पुन्हा १० मिनिटं ओझोनमध्ये ठेवा. ऑक्साइड चढलेल्या काचा मात्र आता त्या पेटीत घालू नका. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट भाजून कमी करायला तासभर घालवला आहे, तो पृष्ठभाग पुन्हा बदलायचा नाही.

इथे थोडं थांबा आणि चहा घेऊन या. पुढचा भाग सलग करावा लागतो, मध्ये उठता येत नाही.

पेरोव्हस्काइटचं द्रावण

२९. नायट्राइल हातमोजे घाला, एकावर एक दोन जोड्या. पुढे शिसं आहे, आणि डीएमएसओ विरघळलेला पदार्थ बरोबर घेऊन कातडीतून आत शिरतं. डीएमएफ पातळ मोज्यातूनही पाझरतं. थेंब पडला की मोजा लगेच बदला, पुसून पुढे जाऊ नका.

३०. लहान बाटलीत लेड आयोडाइड ४६१ मिलिग्रॅम मोजा. भुकटी उडते, म्हणून तराजूपाशी पंखा बंद.

३१. त्याच बाटलीत मिथाइलअमोनियम आयोडाइड १५९ मिलिग्रॅम टाका. हे ओलावा ओढून घेतं, बरणी उघडी ठेवून गप्पा मारू नका.

३२. डीएमएफ ६३५ मायक्रोलिटर घाला.

३३. डीएमएसओ ७१ मायक्रोलिटर घाला. हे मोजमाप नेमकं हवं. इथे लेड आयोडाइड, मिथाइलअमोनियम आयोडाइड आणि डीएमएसओ यांचे रेणू एकास एक ठेवले आहेत.

३४. साध्या तापमानाला तासभर ढवळा. द्रावण पिवळं आणि पारदर्शक दिसलं की झालं. तळाशी पिवळे कण उरले तर आणखी थोडं ढवळा, उकळायला जाऊ नका.

३५. डीएमएफला चालणाऱ्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा. सेल्युलोज ॲसिटेटचा फिल्टर घेऊ नका, तो डीएमएफमध्ये विरघळतो.

काळा थर

३६. ग्लव्हबॉक्स असेल तर सगळं आत घ्या. नसेल तर आर्द्रतामापक बघा. ३० टक्क्यांच्या वर असेल तर आज थांबा. चिडचिड होईल, पण खराब थर करून होणारी चिडचिड याहून मोठी असते.

३७. एका हॉटप्लेटला ६५ अंशांवर ठेवा. क्लोरोबेंझिनची बाटली तिच्यापासून लांब, हूडच्या दुसऱ्या टोकाला. ते पेट घेणारं द्रव आहे.

३८. सरावाची काच बसवा आणि ८० मायक्रोलिटर द्रावण पसरा.

३९. पिपेटमध्ये १५० मायक्रोलिटर क्लोरोबेंझिन आधीच भरून हातात धरा. कोटर सुरू झाल्यावर भरायला गेलात तर वेळ निघून जाते.

४०. मिनिटाला ४००० फेऱ्यांनी कोटर २५ सेकंदांसाठी सुरू करा.

४१. आठव्या ते दहाव्या सेकंदाच्या सुमारास क्लोरोबेंझिन काचेच्या बरोबर मध्यावर, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंचीवरून, एका सलग धारेने सोडा. थेंब थेंब टाकू नका आणि टोक काचेला टेकवू नका. उशीर झाला तर थर आधीच धुरकट होतो. फार घाई केली तर भरपूर द्रावक शिल्लक राहतो आणि थर खवल्यासारखा जमतो. सगळी कृती या एका सेकंदावर उभी आहे, म्हणून तर सरावाच्या तीन काचा. नेमका सेकंद तुमच्या यंत्रावर, तुमच्या खोलीत, तुमच्या हाताने ठरतो. सापडला की भिंतीवर लिहून ठेवा.

४२. काच ६५ अंशांवर एक मिनिट ठेवा. थर पारदर्शकाचा तपकिरी होत जाईल. आरशासारखा चकचकीत असेल तर शाबास, पांढुरका धुरकट असेल तर पुन्हा ३८ वर या.

४३. आता खऱ्या काचा, या क्रमाने: पहिली, दुसरी, चौथी, तिसरी. प्रत्येकीला ३८ ते ४२ जसंच्या तसं. झिंक ऑक्साइडच्या काचा मुद्दाम शेवटी आहेत, कारण तिथली कुरबुर थर बसताक्षणी सुरू होते आणि वाट बघण्यात आपला प्रयोग अर्धा होऊन जातो.

४४. तयार काचा झाकलेल्या, अंधाऱ्या पेट्री डिशमध्ये ठेवा. एकमेकींना चिकटू देऊ नका.

एक इशारा. हा क्रम उलटा करून, आधी पेरोव्हस्काइट आणि वरून झिंकचं किंवा टिनचं हेच द्रावण, असा घाट घालू नका. पाणी आणि मेथॉक्सीइथेनॉल काळ्या थराची जागच्या जागी वाट लावतात. ऑक्साइड वरून द्यायचाच असतो तेव्हा आधी फुलरीनचा पातळ थर वाफेने देतात आणि त्यावर टिन ऑक्साइड एकेका अणुथराने, साधारण १०० अंशांवर, चढवतात. मधला फुलरीन गाळला तर टिनचं अमाइनयुक्त रसायन थेट पेरोव्हस्काइटशीच भांडतं. ते यंत्र तुमच्याकडे असेल तर ती कृती वेगळी, आज नाही.

खरी गंमत

४५. हॉटप्लेट १०० अंशांवर आणा आणि थर्मोकपलने मध्यभागी खात्री करा. १२० निघालं तर बोडकी काचसुद्धा लवकर बिघडू लागेल आणि सगळी तुलना वाया जाईल.

४६. फोन स्टँडवर वरून रोखून बसवा आणि पांढऱ्या रंगाचं संतुलन एकाच जागी पक्कं करा. आपोआप बदलू दिलंत तर फोन पिवळा रंग परस्पर दुरुस्त करून टाकतो!

४७. चारही काचा एकाच वेळी, मध्याभोवती जवळजवळ ठेवा. चिमटे दोन असतील तर सोबत्याला हाताशी घ्या.

४८. लगेच फोटो काढा आणि घड्याळ लावा.

४९. पहिली दोन मिनिटं काही ठरवू नका. या वेळात चारही थर तपकिरीचे काळपट होतात, उरलेला द्रावक निघून जातो. इथे घाईने निष्कर्ष काढणारे फसतात.

५०. २, ५, १०, २० आणि ३० मिनिटांनी फोटो काढा. मधल्या वेळात काचा सरकवू नका.

५१. प्रत्येक फोटोनंतर तिसरी काच चिमट्याने क्षणभर उचलून काचेच्या बाजूनेही बघा. भांडण तळाशी आहे, वरून सगळं आलबेल वाटत असताना खाली रंग फिरलेला असू शकतो. फार वेळ धरून ठेवू नका, काच थंड होते.

काय दिसेल? तिसरी काच काही मिनिटांत हळदीसारखी पिवळी पडायला लागते, पुसलेली पट्टी मात्र काळीच राहते आणि दोघींच्या मध्ये सरळ रेघ उमटते. चौथीही त्याच वाटेने जाते, पण सावकाश. पहिली आणि दुसरी अर्ध्या तासात काळपट तपकिरीच राहतात. पिवळं दिसतं ते लेड आयोडाइड: झिंक ऑक्साइड मिथाइलअमोनियमकडून प्रोटॉन ओढून घेतो, उरलेलं मिथाइलअमाइन वायू होऊन उडून जातं. वायू नाकाने शोधायला जाऊ नका, हूडची काच खालीच असू द्या.

चारही पिवळ्या पडल्या तर प्लेट जास्त गरम आहे किंवा हवा ओली आहे. एकही पडली नाही तर झिंक ऑक्साइड चढलेलाच नाही, पायरी १४ पुन्हा करा. पुसलेली पट्टीही पिवळी झाली तर कापसाची काडी दुसऱ्यांदा फिरवायची राहिली.

खात्री करून घ्या

५२. काचा उतरवून साध्या तापमानाला येऊ द्या.

५३. यूव्ही-व्हिजिबल यंत्रात प्रत्येकीचं शोषण ४०० ते ८५० नॅनोमीटर मोजा, आणि शून्य लावायला त्याच ऑक्साइडची, पेरोव्हस्काइट नसलेली काच वापरा. काळ्या थराची कड ७८० नॅनोमीटरच्या आसपास असते, लेड आयोडाइडची ५२० च्या आसपास. तिसऱ्या काचेत पहिली कड खचलेली आणि दुसरी उभी राहिलेली दिसेल.

५४. क्ष-किरण विवर्तनाची सोय असेल तर तांब्याच्या किरणांनी १० ते ३० अंश मोजा. १४.१ अंशांचं शिखर पेरोव्हस्काइटचं, १२.७ चं लेड आयोडाइडचं. काचा उघड्यावर पडून राहिल्या तर १२.७ चं शिखर आपसूकही वाढतं, म्हणून त्याच दिवशी मोजा.

५५. एवढं जमलं की पुढच्या वेळी फक्त एक गोष्ट बदला: मिथाइलअमोनियमऐवजी फॉर्मामिडिनियम आणि सीझियम असलेलं द्रावण घ्या, बाकी सगळं तेच. झिंक ऑक्साइडवर ते कितीतरी जास्त टिकतं. एका वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत.

निकेल ऑक्साइडवरही हीच चार काचांची युक्ती चालेल असं वाटेल. चालवा, पण डोळ्यांवर विसंबू नका. तिथे वरच्या पदरातलं निकेल आयोडाइडला ऑक्सिडाइज करतं आणि प्रोटॉनही घेतं, मात्र बिघाड अगदी पातळ पदरापुरता राहतो. रंग बदलत नाही, पुढे सेल केलात तर व्होल्टेज पडतं. त्यावर सोपा उतारा म्हणजे द्रावणात सेंद्रिय आयोडाइड काही टक्के जास्त घालणं. हे मोजायला अख्खा सेल लागतो, काचेचा तुकडा पुरत नाही.

आवराआवर

५६. उरलेलं द्रावण, पिपेटची टोकं, फिल्टर आणि कापसाच्या काड्या शिशाच्या कचऱ्याच्या बाटलीत आणि पिशवीत टाका. सिंकमध्ये काही म्हणजे काही सांडायचं नाही.

५७. क्लोरोबेंझिन हॅलोजनयुक्त द्रावकांच्या बाटलीत जाईल, ॲसिटोनच्या नाही.

५८. स्पिन कोटरची वाटी डीएमएफ लावलेल्या कागदाने पुसा आणि तो कागदही शिशाच्या पिशवीत. कडेला चिकटलेला पिवळा थेंब हमखास राहतो, टॉर्च मारून बघा.

५९. चारही काचा फोटोंच्या वेळा लिहून बंद डबीत ठेवा, डबीवर ‘शिसे’ असं मोठं लिहा.

६०. वरचे मोजे आतली बाजू बाहेर करून काढा, मग खालचे, मग साबणाने हात धुवा. फोनही पुसा, मघापासून तो त्याच मोज्यांनी हाताळलात.